उसन्या घागरी

दिगू, काल तुझा जलदान विधी झाला. तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं सगळं नीट केलं. नांदेडहून भंते आले होते, बुद्धमूर्तीपुढं पांढरा कपडा अंथरला होता आणि तुझा तो फोटो ठेवला होता, हसू दाबून धरलेला. पाणी ओतायची वेळ आली तेव्हा तिनं शेजारून मागून आणलेला तांब्या उचलला. तेवढ्यात मागं बसलेल्या बायकांतून कौसाबाईचा आवाज आला, "गयाची घागर न्हाई आणली का रे कुणी?"

प्रज्ञानं मान वर केली नाही, भंत्यांनी पाठ चालू ठेवला, ताट भरून पाणी काठावरून सांडलं. तुझ्या मायची, गयामायची घागर तिथं का नव्हती हे मांडवातल्या सगळ्यांना अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त मला. ते मी तुलाही सांगितलं नाही. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही, कारण वर्षांमागून वर्षं गेली आणि दर महिन्याला मी तुझ्याकडे चहाला येत होतो.

तर आज सांगायचंच असं ठरवून बसलोय. पण तू मला ओळखतोस. मी मुद्द्यावर यायला वेळ लावतो.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण विशीत होतो. मी लातुरात ड्रॉइंग मास्तर व्हायचा कोर्स करत होतो आणि विटेवर उजेड कसा पडतो ते शिकत होतो. तू एकही दिवस न शिकता गावोगाव बोर्ड रंगवत होतास. मास्तर व्हायच्या आधीच मला मास्तर म्हणायला तूच सुरुवात केलीस. त्या वर्षी तुला उसंत नव्हती. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, सगळ्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडायचं आणि तिथं 'जिल्हा लातूर' लिहायचं. सुट्टीत मी तुझ्या हाताखाली होतो. उस्मानाबाद लांब, लातूर आखूड. पाटीवर जागा उरायची, आणि तुला रिकामी जागा बघवत नसे. तू तिथं एक फूल काढून टाकायचास. एका साहेबानं झापलं, "सरकारी पाटी आहे का बगीचा?" तू हात जोडून म्हणालास, "साहेब, नवा जिल्हा बारका हाय, जागा उरून राहिली." त्यानं सगळी फुलं पुसायला लावली. जनावरांच्या दवाखान्यावरचं एक तेवढं राहिलं.

पुढं मुंबईच्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगात मी लिहिलं की ते फूल म्हणजे तुझा सत्तेपुढचा पहिला नकार. प्रज्ञानं ते तुला वाचून दाखवलं तेव्हा तू इतका हसलास की चहा सांडला. "मास्तर, ते पुसायचं इसरलं होतं, बस." मला राग आला होता. तुझ्या कामाचा अर्थ तुझ्यापेक्षा मला जास्त कळतो, असं मला मनापासून वाटायचं. सगळं पुढचं त्यातून झालं.

पाट्या संपल्या आणि निळ्या रंगाचा अर्धा डबा उरला. जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, तोवर पाऊस गेला. विहिरी आटल्या. टँकर यायला लागला, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाहीच. बायका पहाटे आपापली घागर ओळीत ठेवून रोजगार हमीच्या खडीवर जायच्या. माणूस कामावर आणि घागर नंबरात. ओळीत पुढं आमच्या गल्लीच्या घागरी, शेवटाला तुमच्या वस्तीच्या. शेवटापर्यंत पाणी पोचायचंच असं नव्हतं. त्यात सगळ्या घागरी सारख्या, जर्मनच्या, ठेचकाळलेल्या. ही माझी, ती तुझी यावरून रोज एक तरी झोंबाझोंबी. आमची घागर तुमच्या वस्तीतल्या कुणाच्या हाताला लागली म्हणून माझी काकू एकदा भर चौकात घागर घासत बसली होती, तेही उसन्या पाण्यानं.

तू तो डबा घेऊन टँकरच्या जागेवर बसलास. नावं लिहून उपयोग नव्हता, वाचणार कोण? म्हणून प्रत्येकीला विचारायचास, "काय काढू?" माझ्या आईनं मोर सांगितला. मुमताजभाभीनं चांद. गयामायनं पिंपळपान. कौसाबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती, ती पदरात तोंड घालून म्हणाली, "नळ काढा." सगळ्या हसल्या. गावात कुणी नळ पाहिला नव्हता असं नाही, पण गावात नळ नव्हता. तू मनापासून नळ काढलास, तोटीला लागलेल्या थेंबासकट.

आता खरं सांगायचं तर ओळ त्यामुळं काही मोडली नाही. काही दिवस मोडली. सगळीकडं एकच निळा रंग, लांबून कुठली घागर कुठल्या वस्तीची ते कळेना, आणि पहाटेच्या घाईत आधी येईल तिची आधी लागायला लागली. पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि सगळं होतं तसं झालं. मी मात्र कॅटलॉगात लिहिलं की एका रंगानं गाव एक केलं. तू म्हणालास, "काकूला इचारून लिहायचं व्हतंस." माझं लिहिणं कुणाला आवडत होतं म्हणून सांगू? मुंबईला आवडलं, आणि मुंबईच्या पलीकडं तर फारच.

त्याच उन्हाळ्यात मी तुमच्या घरी पहिल्यांदा पाणी मागितलं होतं. गयामाय दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुझी माय मला बोलंल." मी हट्टानं तिच्या पिंपळपानाच्या घागरीतून ग्लास भरून घेतला आणि गटागट प्यायलो. त्या दुष्काळात, तुमच्या शेवटच्या नंबराच्या पाण्यातलं. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो, आपल्या मोठेपणाची म्हणून. पाणी कुणी दिलं आणि कशातून दिलं, हे सांगताना दर वेळी मागं राहायचं. त्यानंतर तुमच्या वस्तीत मी कुणाच्याही दारात गेलो तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं यायचा.

मग मधे वीस-एक वर्षं गेली. मी लातूरच्या शाळेत, तू बोर्डांवर. नांदेडला कॉलेजच्या प्रदर्शनात मुंबईच्या एका गॅलरीच्या बाई परीक्षक म्हणून आल्या. मी त्यांना घागरींचे फोटो दाखवले. ते दिवस आठवतात तुला? बाहेरच्या देशांत पैसा मावत नव्हता म्हणे, आणि तो आपल्याकडच्या चित्रांवर येऊन पडत होता. जी नावं आम्ही वर्गात कधी घेतली नाहीत, त्यांच्या कामाचे भाव सोन्यासारखे पेपरात यायचे. बाई फोटो बघून म्हणाल्या, "किती मिळतील?"

तू घरोघर फिरलास. मी म्हणालो होतो, मोडीत घे, बदल्यात नवी दे. एकीनंही मोडीत दिली नाही. पण लग्नाला भांडी देतात तशी उसनी दिली सगळ्यांनी. "दिगूचं कार्य हाय" म्हणून. माझ्या आईनं मोराची काढून दिली. कौसाबाईनं तर घासून चकचकीत केली आणि त्यात तुझा नळही थोडा पुसला गेला. लग्नातलं भांडं परत येतं आणि रिकामं येत नाही, त्यात मूठभर तरी काही घालून येतं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून कुणी सांगितलंही नाही. तुला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण गॅलरीचा इंग्रजी कागद मी वाचला आणि त्यात ते कुठंच नव्हतं.

मुंबईत त्या पांढऱ्या खोलीत अडतीस घागरी ओळीनं मांडल्या होत्या. तू दारातच थबकलास. "टँकर कुठून येणार?" म्हणालास. बाईंना ते फार आवडलं, त्यांनी ते भिंतीवर लिहून काढलं. चौथ्या दिवशी परदेशातल्या एका कंपनीनं सगळी ओळ घेतली. तू मला बाहेर जिन्यात ओढलंस.

"मास्तर, ह्या उसन्या हायत."

"त्या आता घागरी नाहीत, दिगू. आता ती तुझी कलाकृती आहे."

"मंग घागरी कुठं गेल्या?"

मी काय काय बोललो! जग बघेल, तुझं नाव होईल, दुष्काळ बघायला ते आपल्या गावात थोडेच येणार आहेत. तू बराच वेळ ऐकून घेतलंस आणि सही केलीस. माझ्या शब्दावर केलीस हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

परत आलास ते अडतीस नव्या स्टीलच्या घागरी घेऊन, प्रत्येकीत मूठभर साखर. सदतीस घरांनी घेतल्या, काहींनी तोंड वाकडं करून. कौसाबाईनं तुझ्या दारात आणून ठेवली. "ही कुणाची? माझी नळाची व्हती." ती घागर किती तरी वर्षं तुझ्या ओसरीवर पालथी होती. मी आलो की तिच्याकडं न बघता बसायचो.

आता मुद्दा.

दोन वर्षांनी तिकडं बँका कोसळल्या. ती कंपनीही बसली. एका शनिवारी शाळेतून घरी आलो तर गॅलरीच्या बाईंचं पत्र. कंपनी भिंतीवरचं सगळं काढून टाकतेय, घागरींना गिऱ्हाईक नाही, फक्त आणायचा खर्च केला तर बाई ती ओळ तशीच्या तशी परत देतील. आठ दिवसांत कळवा. खर्च फार नव्हता, दिगू. तेवढा पैसा तुझ्याकडं होता. नसता तर माझ्याकडं होता.

मी तुला सांगितलं नाही. बाईंना लिहिलं, कलाकाराची इच्छा आहे की काम बाहेरच राहावं, बाजार वर येईल. कलाकाराची इच्छा! कलाकार त्या वेळी किनवटकडं कुठल्या तरी आश्रमशाळेची भिंत रंगवत होता. मला वाटलं होतं भाव परत येतील, मग मोठं पुस्तक निघेल, प्रस्तावना माझी असेल. घागरी गावात आल्या असत्या तर त्यात पाणी भरलं गेलं असतं, त्या परत ठेचकाळल्या असत्या, आणि मी परत आठवीच्या वर्गाला वीट शिकवणारा मास्तर झालो असतो. हे मी तेव्हा स्वतःशी एवढं स्पष्ट बोललो नाही. पण होतं ते हेच.

भाव आले नाहीत. घागरी कुणी कवडीमोलानं घेतल्या, त्यानं दुसऱ्याला दिल्या. शेवटचं कळलं ते असं की कुठल्याशा विमानतळाजवळच्या गोदामात पेट्यांत बंद आहेत. तिथं ठेवलेल्या मालावर कर लागत नाही. पेटी जागची हलत नाही, कागदावर मालक बदलत राहतो. कुणी बघत नाही, बघायला घेतलेल्याच नसतात. एवढं मी तुला सांगितलं, कारण ते सांगताना मी जगावर टीका करू शकत होतो. तू ऐकलंस आणि म्हणालास, "मंजी मालक भलतीकडं अन् घागर नंबरात. आपलीच ओळ झाली की ही. पण मास्तर, आपला टँकर कधी तरी येऊन राहिला व्हता."

मी तेही वाक्य वहीत लिहून घेतलं. लाज वाटते आता.

मग तो दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. गावात पुन्हा टँकर, पुन्हा ओळ, ह्या वेळी प्लॅस्टिकच्या घागरी, नाना रंगांच्या. तुझं बोर्डांचं काम फ्लेक्सवाल्यांनी कधीच संपवलं होतं. गयामाय अंथरुणावर होती. ती स्टीलच्या तांब्यातलं पाणी तोंडाला लावायची आणि बाजूला सारायची. "पानाची घागर आण रे. हे पाणी गार लागंना." तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "मास्तर, एकदा इचार की त्यांना. एकच मागतो. मायची तेवढी."

मी म्हणालो, विचारतो. काय विचारणार होतो? विचारायची वेळ मीच घालवली होती. दोन दिवसांनी तू परत विचारलंस, मी म्हणालो, उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात ती गेली. तिच्या विधीला मी आलो तेव्हा तू म्हणालास, "या सर, बसा." पस्तीस वर्षांत तू मला पहिल्यांदा सर म्हणालास. पुढं चहा पाजलास, हसलास, माझ्या नातवाच्या चित्रांना बरं म्हणालास, पण मास्तर काही परत म्हणाला नाहीस.

नांदेडच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो, तेव्हा सांगायचंच असं ठरवून बसमध्ये चढलो होतो. तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होतो. तू नळ्यांत गुरफटलेला, आणि प्रज्ञा बाहेर औषधं आणायला गेलेली. खोलीत आपण दोघंच. मी म्हणालो, "दिगू, घागरींचं..." तू हात वर केलास. "जाऊ द्या सर. तुमचं काय चुकलं न्हाई." मला सुटल्यासारखं वाटलं, दिगू. तुझ्या उशाशी बसून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी संत्रं सोलून दिलं. परतीच्या बसमध्ये मला झोपसुद्धा लागली. चार दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला.

काल विधी झाल्यावर लोक पांगले. मी बूट घातले, रस्त्याला लागलो, कौसाबाईचं दार ओलांडून गेलो आणि मागं फिरलो. ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्र, आठ दिवस, मी काय लिहिलं ते. तिनं सूप खाली ठेवलं.

"मंजी घागर यायला निघाली व्हती?"

"हो."

"अन् तू नगं म्हणलास."

"हो."

"दिगू तर गावात सांगून राहिला व्हता, मलाच लालच सुटली म्हणून. मास्तरला काय बोलू नगा, तो उसन्या हायत म्हणूनच सांगत व्हता, मी ऐकलं न्हाई, म्हणून सांगायचा. मी किती बोलले त्याला! गया मेली तवा दारात जाऊन बोलले. खाली मान घालून बसला व्हता."

मला हे माहीत नव्हतं, दिगू. जिन्यात मला जे तू म्हणालास ते तू गावाला माझ्या तोंडी घातलंस, आणि माझं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस. इतकी वर्षं मी तुमच्या वस्तीत ताठ मानेनं येत होतो, माझ्यापुढं तांब्या येत होता, आणि शिव्या तुला बसत होत्या. तुझ्याच दारात, तुझी माय गेली त्या दिवशी.

"त्याला सांगितलंस का हे?" कौसाबाईनं विचारलं. मी मान हलवून नाही म्हणालो. ती माझ्याकडं बघतही नव्हती. "मंग मला एकटीला सांगून काय व्हतंय," म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं. ऊन कडक होतं, घसा कोरडा पडला होता, आणि तिच्या दाराशी माठ होता. तिनं मला पाणी विचारलं नाही.

गयामायच्या घागरीतून प्यायलो त्या दिवसानंतर, त्या वस्तीत पहिल्यांदा.

तुला सांगायचं ते आज सांगून झालं. उद्या सकाळी परत गावात जातोय. तू घागरी मागायला ज्या ज्या घरी गेलास त्या त्या घरी, त्याच क्रमानं. मोर, चांद, पान, सगळी मला पाठ आहेत. साखर नाही, नवं भांडं नाही, रिकाम्या हातानं जातोय. प्रत्येक दारात हेच सांगेन, की घागर परत येत होती, दिगूला माहीत नव्हतं, आणि नको मी म्हणालो.

एक घर झालंय. सदतीस आहेत.